दिव्याखालचं नाव

आपल्याकडे ज्या लेण्याचा कर्ता ठाऊक नसतो ते लेणं पांडवांनी कोरलेलं असतं. तेही एका रात्रीत. पहाटे कोंबडा आरवला म्हणून कोपऱ्यातला खांब अर्धवट राहिला, हा पुरावाही गावकरी हात धरून दाखवतात. नाशिकची त्रिरश्मी लेणी बौद्ध भिक्षूंसाठी खोदली, सातवाहनांनी आणि क्षत्रपांनी त्यांना दानं दिली, ती दानं ब्राह्मी लिपीत भिंतीवर कोरून ठेवली. तरी रिक्षावाल्याला ‘पांडवलेणी’ म्हटल्याशिवाय तो मीटर टाकत नाही. त्याच न्यायाने जुना दगडी पूल इंग्रजांचा असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला बरा विनोद पु. लं.चा असतो, आणि साडी नेसलेल्या, किंचित उदास, देखण्या बाईचं चित्र राजा रविवर्म्याचं असतं.

यातलं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलं आहे. दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर नसेल तर डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, तिथे नसेल तर कुणाच्या तरी मावशीने चार उन्हाळे खपून केलेल्या भरतकामात. दाट काळोखात एक तरुण स्त्री उभी आहे. एका हातात पितळेचा दिवा, दुसऱ्या हाताच्या पंजाचा ज्योतीला आडोसा. उजेड बोटांच्या फटींतून झिरपतो आहे, बोटांच्या कडा लालसर झाल्या आहेत. चेहरा खालून उजळला आहे, जांभळट साडी थोडी उजेडात आणि बरीचशी अंधारात. बस्स. ना देऊळ, ना कमळांचं तळं, ना नळराजाचा निरोप घेऊन आलेला हंस. बाई दिवा घेऊन कुठून तरी कुठे तरी निघाली आहे आणि वाटेत थबकली आहे, एवढीच कथा.

या चित्राचं नाव ‘ग्लो ऑफ होप’, काळ १९४५-४६, आणि चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर. हळदणकर १८८२ साली सावंतवाडीला जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९०८ साली मुंबईतच स्वतःची चित्रशाळा काढून पिढ्या शिकवल्या, आणि १९१८ साली ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ उभी करणाऱ्यांत होते. १९२५ साली ‘बॉम्बे आर्ट सोसायटी’चं सुवर्णपदक त्यांना मिळालं. म्हणजे माणूस काही अडगळीतला नव्हे. पण सावंतवाडीचं नशीब असं, की तिथलं लाकडी वांगं कुणाच्याही दिवाणखान्यात दिसलं की पाहुणा म्हणतो, ‘वा, सावंतवाडी!’ आणि त्याच दिवाणखान्यात वांग्याच्या वर टांगलेल्या चित्राकडे पाहून तोच पाहुणा म्हणतो, ‘वा, रविवर्मा!’

आमच्या नात्यातले एक काका हे दुसरं वाक्य दर दिवाळीला म्हणतात. त्यांना पुरावे देऊन पाहिले. रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ ला गेले. हे चित्र त्यानंतर चाळीस वर्षांनी रंगवलं गेलं. मधल्या काळात दोन महायुद्धं होऊन गेली. चित्रात उभी असलेली मुलगी म्हणजे हळदणकरांची लेक गीता. रविवर्मा गेले तेव्हा तिचा जन्मही व्हायचा होता. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मग रविवर्म्याच्या प्रेसमध्ये छापलं असेल.’ यावर बोलणं अवघड. कारण रविवर्म्यांचा छापखाना त्यांनी विकल्यानंतरही मळवलीला कितीतरी वर्षं चालू होता, आणि घरोघरच्या भिंतींवर देव कसे दिसावेत हे त्याच छापखान्याने ठरवून टाकलं होतं. सरस्वतीच्या हाताची ठेवण, लक्ष्मीच्या साडीचा काठ, सगळं तिथून आलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या खात्यावर एखादं चित्र जास्तीचं जमा झालं तर बिघडलं कुठे, असा काकांचा एकूण रोख असतो. ते आयुष्यभर बँकेत होते, हे इथे सांगायला हरकत नाही.

खरं तर चित्र स्वतःच आपल्या बापाचं नाव सांगतं, फक्त जवळ जायला हवं. रविवर्म्यांचं राज्य तैलरंगाचं. हे चित्र आहे कागदावर, जलरंगात. ज्याने शाळेत का होईना जलरंग हाताळलेत त्याने इथे एकदा थांबून कानाला हात लावावा. तैलरंग हा क्षमाशील प्रकार आहे. नाक चुकलं, खरवडा. गाल काळवंडला, वाळू द्या, वरून उजळ रंग चढवा. अंधारातून उजेडाकडे येत येत चित्र पुरं करता येतं. रेम्ब्राँने तेच केलं आणि त्याच्या उजेडावर लोक चारशे वर्षं लिहीत आले आहेत. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतोच. पांढरं म्हणजे कागद. उजेड हवा असेल तर तिथे रंग लावायचा नाही, एवढा एकच उपाय. म्हणजे या चित्रातली सगळ्यात झगझगीत जागा जवळजवळ न रंगवलेली असायची. चित्रकाराने पहिल्या दिवशीच ठरवायचं की शेवटच्या दिवशी उजेड कुठे असणार आहे, आणि मग ती जागा शेवटपर्यंत सांभाळायची. एक ओघळ गेला की संपलं. पुसून काढता येतं, पण पुसलेला कागद पहिल्यासारखा हसत नाही.

बरं, उजेड राखला असं धरू. काळोखाचं काय? जलरंगात निसर्गचित्र करणं लोकांना सोपं वाटतं, कारण आभाळ आपोआप वाहून जातं आणि त्याला ‘तरलता’ म्हणता येतं. दाट काळोख मात्र जलरंगाच्या स्वभावातच नाही. एका वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका हातात, तो फिका पडतो. दुसरा, तिसरा, चौथा वॉश चढवावा तर खालचा उठतो आणि गढूळ चिखल होतो. कागद सुकण्याची वाट पाहायची, पुन्हा भिजवायचा, एका दमात कुंचला फिरवायचा, आणि तेही कपाळाच्या, गालाच्या, बोटांच्या कडेला अगदी बिलगून. चुकून आत गेलात तर चेहऱ्याला डाग, बाहेर राहिलात तर चेहऱ्याभोवती पांढरी रेघ. मुंबईच्या चित्रकारांच्या त्या पिढीने जलरंगावर जेवढी हुकमत मिळवली तेवढी फार थोड्यांनी मिळवली असेल, आणि हळदणकर त्यांतही पहिल्या रांगेतले. साठी ओलांडलेल्या माणसाने, सोपा तैलरंग हाताशी असताना, समोर काळोख आणि दिवा ठेवून कागद ताणायला घेतला, याला मी तरी हट्ट म्हणेन. म्हातारपणी माणसं हट्टी होतात हे घरोघरी दिसतं. पण तो हट्ट असं चित्र बनून म्हैसूरच्या राजवाड्यात जाऊन बसतो असं क्वचित घडतं.

आता त्या हाताकडे या. दिव्याला हाताचा आडोसा धरणं ही कोकणात कुणी शिकवावी लागणारी गोष्ट नव्हे. तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा न्यायचा तर अंगण ओलांडावं लागतं, आणि अंगणात वारा असतो. पंजा आपोआप वर येतो. लोडशेडिंगच्या काळात वाढलेल्या आमच्या पिढीलाही ही हालचाल येते. फक्त आमच्या हातात मेणबत्ती असायची, आणि मेण बोटावर पडलं की तोंडातून मंत्राऐवजी भलतंच काही निघायचं. पण चित्रात आल्यावर हा साधा पंजा तीन-तीन कामं करतो. पहिलं म्हणजे तो ज्योत आपल्यापासून लपवतो. ज्योत उघडी दाखवली असती तर डोळा तिच्यावरच खिळला असता आणि बाईचा चेहरा दुय्यम ठरला असता. आता डोळा ज्योतीला शोधत हाताशी येतो, तिथून उजेडाच्या मागोमाग वर चढतो आणि चेहऱ्यावर पोचतो. दुसरं, आतल्या बाजूने उजळलेला तळवा थोडा प्रकाश परत फेकतो. फोटो स्टुडिओत चांदीच्या रंगाची छत्री उघडून ठेवतात, तिचं काम इथे लेकीच्या तळव्याने फुकटात केलं आहे. आणि तिसरं म्हणजे ती बोटं. बॅटरी मुठीत धरून हात लाल झालेला लहानपणी सगळ्यांनी पाहिला आहे. कातडीतून आणि रक्तातून निळा-हिरवा उजेड शोषला जातो, तांबडा तेवढा बाहेर येतो. काळोखात काढलेल्या या आकृतीत रक्त वाहतं आहे हे सांगायला चित्रकाराला बोटांच्या कडांवरचा तेवढा तांबूसपणा पुरला.

हाच पंजा तीनशे वर्षं आधी फ्रान्सकडच्या लोरेन प्रांतात झॉर्ज द ला तूरने रंगवला होता. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याचं ‘सेंट जोसेफ’ आहे. म्हातारा सुतार लाकडाला भोक पाडतो आहे, आणि समोर बाळ येशू मेणबत्ती धरून बसला आहे, ज्योतीपुढे पंजा. त्या पोराची बोटंही अशीच उजेडाने आरपार झालेली. हळदणकरांनी ते पाहिलं होतं असा दावा मी करत नाही. वारा लोरेनमध्येही असतो, सावंतवाडीतही असतो. पण या ला तूरची गोष्ट मला फार आवडते. १६५२ साली तो वारला आणि लोक त्याला असे विसरले, की त्याची चित्रं उरली आणि नाव गेलं. एखादं ल नँ बंधूंच्या नावावर, एखादं डच चित्रकाराच्या, एखादं चक्क स्पॅनिश म्हणून खपलं. थोडक्यात, युरोपातही पांडव आहेत. शेवटी १९१५ साली हेरमान फॉस नावाच्या एका जर्मन अभ्यासकाने रेन आणि नांत या दोन गावांतल्या संग्रहालयांतली चित्रं शेजारी शेजारी मांडली आणि सांगितलं, हा एकच माणूस आहे. अडीचशेहून जास्त वर्षांनी माणूस आपल्या चित्रांना परत मिळाला. आणि तेही दुसऱ्या देशाच्या माणसामुळे, युद्ध चालू असताना. हे वाचलं की हळदणकरांबद्दल धीर येतो. त्यांचा हिशोब अजून फार थकलेला नाही.

पण चित्रकाराच्या नावासाठी एवढा गळा काढताना आपण ज्या व्यक्तीला सोयीस्कर विसरतो ती मधोमध उभी आहे. तिचा हात.

एक हात दिव्यासकट पुढे धरायचा, दुसरा त्यापुढे पंजा उघडून. कोपरं अंगाला टेकवायची नाहीत, कारण मग साडीच्या चुण्या बदलतात. मान किंचित वळवलेली. डोळे दिव्याकडे लावून उभं राहायचं आणि दिवा तर डोळ्यांत उजेड फेकणार. तेल गरम, पितळ त्याहून गरम. चित्रशाळेत मॉडेलला ठरावीक वेळाने विश्रांती द्यायची पद्धत असते. खडूने पायांभोवती खूण करून त्याला चहाला सोडतात. घरच्या मॉडेलला असले हक्क नसतात. ‘झालंच’ हा चित्रकार बापाचा शब्द आणि ‘निघालोच’ हा नवऱ्यांचा शब्द, दोन्ही काळाच्या बाबतीत सारखेच विश्वासार्ह. गीताबाई पुढे म्हातारपणी आठवण सांगत ती दिवाळीची: आईची साडी नेसून दिवा घेऊन त्या आल्या, वडलांनी पाहिलं, आणि त्यांना तसंच उभं राहायला सांगितलं. किती वेळ, ते ज्याच्या हातात दिवा असतो त्यालाच कळतं. मला त्या प्रसंगातली चित्रकाराची नजर तर थोर वाटतेच. पण दिवाळीच्या दिवसांत, घरात एवढी कामं पडलेली असताना, ‘अशीच थांब’ म्हणण्याचा धीर मला त्याहून थोर वाटतो. आमच्या घरात कुणी हे वाक्य उच्चारून पाहावं.

त्या काळी घरातल्या बायकांवाचून चित्रकारांचं भागत नव्हतंच. प्रतिष्ठित घरची बाई परक्या चित्रकारासमोर तासन् तास बसणार नाही. पैसे देऊन मॉडेल आणावी तर गल्लीत चर्चा. मग बायको, बहीण, लेक. गोव्याहून येऊन मुंबईत नाव काढलेले अंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची कितीतरी उत्तम चित्रं म्हणजे त्यांची पत्नी फ्लोरेंतिना. त्यांची लेक अँजेला पुढे स्वतःच नामांकित चित्रकार झाली. समोर बसून बसून कंटाळल्यावर माणूस एक दिवस उठून ईझलच्या दुसऱ्या बाजूला जातो, अशी माझी एक थिअरी आहे. तिला पुरावा काही नाही.

चित्राच्या संसाराचा पुढचा भाग म्हैसूरला. ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या राजघराण्याच्या संग्रहात गेलं आणि तिथल्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात राहिलं. आता गंमत बघा, रविवर्म्यांची अस्सल चित्रं याच राजवाड्यात आहेत. प्रवासी कंपनीची बस येते, चामुंडी टेकडी आणि बागेच्या मधे मिळालेल्या वेळात मंडळी राजवाडा उरकतात. डोक्यात दोनच गोष्टी उरतात: ‘तिथे रविवर्म्याची चित्रं होती’ आणि ‘ती दिव्याची बाई काय सुंदर होती.’ बस परतीच्या वाटेला लागेपर्यंत या दोन गोष्टींचं लग्न लागून गेलेलं असतं.

हे चित्र तिथे अंधाऱ्या जागेत ठेवलेलं आहे. काळोखात पाहिलं की दिवा खरोखर पेटल्यासारखा वाटतो, म्हणून लोक भारावतात, आणि भारावलेला माणूस दोन मिनिटांत शास्त्रज्ञ होतो. मागे बल्ब लावलाय, असं एक मत. रंगात काहीतरी चमकणारं मिसळलंय, हे दुसरं. आमचे बँकेतले काका तर चित्राच्या बाजूने डोकावून वायर शोधून आले. मागे काही नाही. कागद आहे. काळोखाने वेढलेली उजळ जागा आपल्या डोळ्याला आहे त्याहून उजळ दिसते. चित्रातला काळोख चित्राबाहेरच्या काळोखात मिसळला की चौकट विरते आणि फक्त तो राखून ठेवलेला कागद उरतो. जलरंगाच्या तब्येतीलाही हा अंधार मानवतो. कागदावरची चित्रं उजेडाने फिकी पडतात. म्हणून संग्रहालयांत त्यांच्यावर पन्नास लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू नये असा दंडक असतो, आणि पन्नास लक्स म्हणजे वर्तमानपत्र वाचताना आजोबा ‘अरे, दिवा लावा कुणीतरी’ म्हणतील एवढा. तेव्हा ज्या चित्रात बाई दिव्याला वाऱ्यापासून जपते आहे, त्या चित्राला दिव्यापासून जपावं लागतं.

गीताबाई उपळेकर कोल्हापूरला राहत. शंभरी ओलांडून त्या २०१८ साली गेल्या. तोवर चित्राला सत्तरी उलटली होती, आणि कागदावरची मुलगी होती तेवढीच तरुण होती. त्यांच्या घरी लोक येत, त्यांच्याकडे बघत, मग चित्राकडे बघत. हे दर वेळी सहन करणं दिवा धरून उभं राहण्यापेक्षा सोपं होतं असं समजायचं काही कारण नाही.

मागच्या वर्षी या चित्राची छापील प्रत घेऊन मी पेठेतल्या फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याने काच पुसता पुसता विचारलं, ‘रविवर्मा ना?’ मी नाही म्हणालो, आणि लेण्यांपासून लोरेनपर्यंत सगळं सांगितलं. तो चांगला ऐकणारा निघाला. मधेच एका गिऱ्हाइकाला त्याने हाताने थांबवलंसुद्धा. मग मी म्हणालो, खाली माउंटवर बारीक अक्षरात नावाची पाटी लिहून द्या, ‘चित्रकार: सा. ल. हळदणकर’. तो म्हणाला, ‘लिहितो की. पण साहेब, खरं सांगू? नाव लिहिलेलं चित्र परत येतं दुकानात.’

‘परत? कशाला?’

‘लोक भेट देतात ना. मग घेणारा येतो आणि म्हणतो, हे डुप्लिकेट आहे, मला रविवर्म्याचं ओरिजिनल द्या. मी पाटी काढून तेच देतो. पन्नास रुपये पाटी काढायचे.’

मी पाटी लावायचे पैसे विचारले. ‘तेही पन्नासच,’ तो म्हणाला आणि पट्टीने चौकटीचं माप घ्यायला लागला.